हाली, कलदार आणि परभणीचें बालपण



मुलांसाठीं लिहिणाऱ्यास आपल्या बालपणाकडे वारंवार वळावें लागतें. तेंच त्याचें भांडवल. माझें भांडवल परभणी शहरांतलें आहे. आमच्या लहानपणीं पुस्तकांत भेटणारें शहर बहुधा पुणें किंवा मुंबई असे. बी. रघुनाथ परभणींत राहून लिहीत होते, १९५३ सालीं ते येथेंच वारले. पण त्यांचें लेखन मोठ्यांसाठीं होतें. आमच्या शहरांतल्या मुलाची हकीकत सांगावयाची राहूनच गेली.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. संस्थानाचें स्वतःचें नाणें होतें. त्यास 'हाली' म्हणत, आणि ब्रिटिश हद्दींतील रुपयास 'कलदार'. सहा कलदार रुपयांचे सात हाली रुपये होत. म्हणजे एका कलदार रुपयाचे हाली १८ आणे ८ पै. संस्थान भारतांत आल्यावरही हाली नाणें १९५९ पर्यंत व्यवहारांत राहिलें, आणि मध्येंच १९५७ च्या एप्रिलांत नवे पैसे आले. चिंचा-बोरें घेतांना आम्हां पोरांना आधीं विचारावें लागे, "हाली कीं कलदार?" त्रैराशिक आम्ही शाळेच्या आधीं मोंढ्याच्या रस्त्यावर शिकलों.

कालगणनेचेंही तसेंच. घरांतील जुन्या सरकारी कागदांवर फसली सन असे; महिन्यांचीं नांवें दय, बहमन, तीर अशीं. त्या सनांत ५९० मिळविले कीं इसवी सन सुमारें निघे. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेथील शिक्षणही उर्दूंतून. त्यामुळें वडील मंडळी अर्ज उर्दूंत लिहीत आणि अभंग मराठींत म्हणत. त्यांत कोणास नवल वाटत नसे.

परंतु हें सारें गोड आठवणींच्या पुडींत बांधतां येत नाहीं. रझाकारांच्या दहशतीमुळें कित्येक कुटुंबें घरदार सोडून संस्थानाबाहेर गेलीं. सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर मराठवाड्यांत कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांवरही घोर संकट ओढवलें. एकाच गल्लींतल्या दोन घरांत त्या वर्षाची आठवण दोन तऱ्हांनीं निघे, किंवा मुलें आलीं कीं बंद पडे. आणि आम्ही मुलें तर दोन्ही अंगणांत खेळत असूं.

येथें मुलांच्या लेखकापुढें पेंच पडतो. एकच आठवण सांगावी तर दुसऱ्या अंगणांतल्या सोबत्याशीं बेइमानी होते. दोन्ही गाळाव्या तर वाचणाऱ्या मुलाशीं. माझ्या मतें दोन्ही सांगाव्या, आणि कोणती कोणत्या घरची तेंही सांगावें. मुलांना तें झेपतें. दोन नाण्यांचा हिशेब आम्हांला झेपलाच होता.

१९४८ पूर्वी शाळेंत जाणारीं मुलें आज ऐंशीच्या पलीकडे गेलीं आहेत. ज्यांच्या घरीं असें कोणी असेल त्यांनीं वही घेऊन त्यांच्यापाशीं बसावें. मोठ्या घडामोडी इतिहासकार लिहितील. आपण एवढेंच विचारावें, कीं शाळेंत कोणत्या भाषेंत हजेरी घेत, खाऊला कोणतें नाणें मिळे, शेजारीं कोण राहत असे, आणि तें घर पुढें कोठें गेलें.