चार दोऱ्यांचा पतंग

पतंगबाजी म्हणजे पोरखेळ, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु विमानविद्येच्या इतिहासाचे एक पान पतंगाच्या दोरीनेच बांधलेले आहे.

इ. स. 1899 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डेटन गावी विल्बर राइट यांनी पाच फूट रुंदीचा, एकावर एक दोन पंखांचा पतंग उडविला. त्याच्या चार दोऱ्या दोन काठ्यांच्या टोकांना बांधलेल्या होत्या. दोन्ही हातांतील काठ्या परस्परविरुद्ध कलविल्या की पंख पिळले जात व पतंग एका अंगावर झुके. एकदा दोऱ्या सैल पडल्या, पतंग खाली झेपावला आणि भोवतालच्या मुलांनी जमिनीवर अंग टाकले! पंख पिळण्याची हीच युक्ती 1903 च्या विमानात कामी आली.

1980 च्या दशकाच्या अखेरीस जो हाड्झिकी या अमेरिकन अभियंत्याने चार दोऱ्यांचा क्रीडापतंग बनविला. तो पुढे-मागे जातो, हवेत स्थिरही राहतो; मात्र त्याचे मर्म दोऱ्यांच्या मापात आहे. आखूड दोरीने पतंग चटकन वळतो, पण आकाश अपुरे पडते. लांब दोरीने आवाका वाढतो, तसा दोरीचा भार व वाऱ्याचा अडथळाही वाढतो. वापराने दोऱ्या कमीजास्त ताणल्या जातात. म्हणून चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून, ताणून, गाठी सरकवून सारख्या करतात. डावी-उजवी जोडी विषम राहिली, तर पतंग आपोआप एकीकडे ओढतो.

विद्यार्थिमित्रांनो, उंच जाण्याआधी जमिनीवर माप नीट घ्यावे लागते, एवढे या इतिहासातून घेतले तरी पुरे.