नदीकाठचे गाव आणि एक जुनी चोपडी

आमच्या गावाला दोन नावे आहेत. सरकारी कागदावर ते शिरूर. पण पारनेर-श्रीगोंद्याकडचा जुना माणूस एस.टी.त बसला की ‘घोडनदी द्या एक’ असेच म्हणतो. नदीच्या नावाने गावाला हाक मारावी, ह्यातच त्या गावाचा निम्मा इतिहास आला, असे मला वाटते. उरलेला निम्मा ह्या दिवाळीत वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे. आणि त्याचे निमित्तही दिवाळीच आहे.

आमची आळी जुन्या पेठेतली. तिचे एक तोंड बाजाराकडे, दुसरे नदीकडे. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यापासून माझा पहाटेचा क्रम ठरून गेला आहे. नदीकाठाने एक फेरी, मग बागेतल्या बाकावर घटकाभर विसावा, आणि परत येताना जुन्या छावणीच्या बाजूने, झाडांखालून, रमतगमत घर. पाहुणे आले की त्यांना मोराच्या चिंचोलीचे मोर दाखवावेत, टाकळी हाजीपाशी कुकडीने खडकात कोरलेले रांजणखळगे दाखवावेत, रांजणगावच्या गणपतीला नेऊन आणावे. पाहुणे खूश होतात. पण ‘तुमच्या आळीत पाहण्यासारखे काय?’ असे कुणी विचारले की मी जरा घुटमळतो. दाखवायला किल्ला नाही, लेणे नाही. आहेत त्या गोष्टी. आणि गोष्टींना वेळ लागतो.

नदी मात्र दाखवता येते. सह्याद्रीत आहुप्याकडे उगम पावलेली घोड मीना-कुकडीला पोटात घेऊन आमच्याकडे येते. पलीकडचा काठ नगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरचा. पुढे तालुक्याच्या आग्नेय टोकाला ती भीमेला मिळते, आणि भीमा तेच पाणी दौंडाजवळून पुढे नेते. माझे आजोळ दौंडचे. लहानपणी मी पावसाळ्यात काठावर कागदाची होडी सोडू लागलो की आई म्हणायची, “सोड, सोड. उद्या आजीच्या घाटाला लागेल.” ती कधी लागली नाही, हे सांगायला नकोच, पण शिरूर आणि दौंड ही एकाच दोरीत ओवलेली गावे आहेत, हा भूगोलाचा पहिला धडा मला शाळेआधी मिळाला.

आता गोष्टींकडे वळू. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. पदरी कसली, मानगुटीवरच! त्या फौजेचा तळ पडला तो आमच्या घोडेकाठी. पुणे-नगर रस्ता आणि नदीचा उतार, दोन्ही हाताशी. फौजेला आणखी काय हवे? तंबूंच्या मागोमाग दुकाने आली, दुकानांमागून पेठ आली. आमच्या आळीचा जन्म कुणा राजाच्या सनदेने झाला नसून शिपायांच्या दाणागोट्याने झाला, हे ऐकून आमच्या काही शेजाऱ्यांना अजून वाईट वाटते.

ह्या फौजेत कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी होता. १८०३ साली असईच्या रणात तो वेलस्लीच्या हाताखाली लढला, आणि १८०९ मध्ये शिरूर येथेच वारला. त्याचे थडगे इथल्या दफनभूमीत बांधले गेले. ह्यापुढची हकीकत मात्र इतर कुठल्या छावणीत सहसा ऐकू यायची नाही. माणूस दयाळू होता. गोरगरिबांशी प्रेमाने वागे. लोकांनी त्याला ‘सत्पुरुष’ केले! सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढे येऊ लागला. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात ह्याबद्दल एक मौजेची गोष्ट नोंदली आहे. जवळच्या एका वस्तीवरले लोक रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडालाच ऊद घालीत, कारण त्याचा आकार कर्नलच्या थडग्यासारखा होता. ‘अरे, हा सत्पुरुष नव्हे, दगड आहे,’ असे कचेरीतल्या कारकुनांनी त्यांना समजावले. त्यांनी ऊद बंद केला. त्या वर्षी हंगाम बिघडला. पुन्हा ऊद सुरू झाला.

मी ही गोष्ट वर्गात सांगे तेव्हा मुले खो खो हसत. मीही हसे. पुढे पुढे मात्र वाटू लागले, की त्यात हसण्यासारखे फारसे काही नाही. असईचा विजय लोकांनी लक्षात ठेवला नाही, हुद्दाही विसरले. परका असून आपल्याशी माणसासारखा वागला, एवढेच त्यांनी जपून ठेवले. इतिहासकार जे मोजतात त्याहून लोकांचे माप वेगळे असते.

वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे पूर्ण झाली त्या रात्री, ३१ डिसेंबर १८१७ ला, कॅप्टन स्टाँटन सुमारे आठशे लोक आणि दोन तोफा घेऊन इथूनच पुण्याकडे निघाला. रात्रभर चालून सकाळी तो भीमेकाठच्या कोरेगावला पोचला, आणि समोर पेशव्यांची प्रचंड सेना उभी राहिली. दिवसभर अन्नपाण्यावाचून ही तुकडी लढली. तीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. लढाईनंतर जखमींना घेऊन ती परतली तीही शिरूरलाच. पुढे पेरण्याच्या हद्दीत स्तंभ उभा राहिला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे येऊन अभिवादन केले, आणि आज त्या दिवशी लाखो माणसे तिथे जमतात. स्तंभ कोरेगावाजवळ आहे. पण त्या रात्रीची पावले उमटली ती आमच्या रस्त्यावर. १८१७ मध्येच उभारलेल्या ‘पूना हॉर्स’ ह्या घोडदळाचे ठाणेही दीर्घकाळ इथे होते. ती पलटण आजही भारतीय सेनेत आहे. १९६५ मध्ये तारापोर आणि १९७१ मध्ये खेत्रपाल ह्या तिच्या दोन वीरांनी परमवीरचक्र मिळवले.

मग छावणीचे दिवस सरले आणि लोखंडी रस्त्याचे आले. आगगाडी पुण्याहून निघाली ती दौंडावरून सोलापूरकडे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू झाला, आणि नगरकडचा माल दौंडावरून जाऊ लागला. दौंडचे जंक्शन झाले; शिरूरला आगगाडी आजवर आलेली नाही. माझे दौंडचे आजोबा रेल्वेत होते. जावयाला ते मिष्किलपणे विचारीत, “काय, तुमच्या गावाला गाडी आली का हो?” बाबा म्हणत, “नदी आहे ना. ती वेळेवर येते.”

पण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती १८७५ सालची, आणि ती आमच्या घरातच आहे.

अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ मध्ये, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र वाढला. कुणबी सावकाराच्या दारी गेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षेच चाले. कायदा ऋणकोच्या भल्यासाठी, पण झाले उलटे. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहिला जाई. डिसेंबर १८७४ मध्ये आमच्या तालुक्यातल्या करडे गावात एका देशमुखाचे घर कर्जापायी सावकाराकडे गेले आणि गाव पेटले. न्हाव्याने हजामत सोडली, परिटाने धुणे, पाणक्याने पाणी. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे येथे, भर बाजाराच्या दिवशी, प्रत्यक्ष दंगा झाला. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे; तेव्हाच्या भीमथडीत आजचा दौंड तालुकाही होता. दंग्याचे लोण शिरूर तालुक्यात आणि नगरकडे पसरले. त्यात एक विलक्षण गोष्ट होती. जमाव जीव मागत नव्हता. कागद मागत होता. रोखे, चोपड्या, गहाणखते रस्त्यात आणून जाळली, की तो बहुधा परत फिरे. चौकशीसाठी आयोग बसला, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. रोख्यामागची सारी हकीकत तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला.

आमचे खापरपणजोबा लहानशी सावकारी करीत. त्यांची एक चोपडी वाचली. कशी वाचली, ते घरात कुणी बोलत नसे. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात नव्या वहीशेजारी ती लाल बासनातली मोडी चोपडी मांडायची, हळदकुंकू वाहायचे, पुन्हा कपाटात ठेवायची. मी लहानपणापासून तिला फुले वाहिली. शिक्षक झालो, १८७५ चा धडा शिकवू लागलो, आणि एका दिवाळीत फूल वाहताना हात थबकला. वर्गात मी ज्यांची बाजू मांडत होतो, त्यांची नावे तर ह्याच बासनात नसतील?

पुढे कितीतरी वर्षे मी ती उघडली नाही. अज्ञानात सुख असते, आणि मी सुखी होतो. मागच्या वर्षी मात्र मोडी जाणणाऱ्या एका तरुणाकडून तिचे लिप्यंतर करून घेतले. मुद्दल एका ओळीत. व्याज, मनोती आणि नवे रोखे पानभर. पानांत घडी घातलेले दोन रोखे निघाले. सहीच्या जागी नांगराचे चित्र: निशाणी नांगर. लिहिता न येणाऱ्या हाताने काढलेला तो वाकडा नांगर पाहून मी बराच वेळ गप्प बसलो.

आमच्याकडे दूध घालणारे गृहस्थ करड्याकडचे, माझेच विद्यार्थी. त्यांना मी ती वही दाखवली. त्यांच्याच आडनावाचे एक खाते होते. मला बोलणे जड जात होते. त्यांनी ओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “असंल आमचाच कुणी. एवढं व्याज, गुरुजी? मग यंदा दुधाचा भाव दोन रुपयं वाढवून द्या.” दोघेही हसलो. मग मी विचारले, “जाळून टाकू का?” ते उठता उठता म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. आमच्या म्हाताऱ्याचं नाव दुसऱ्या कुठल्या कागदावर हाय?”

मुलगा पुण्यात आहे. वाडा विकून तिकडे या, म्हणतो. त्याचेही चूक नाही. पण तूर्त मी इथेच आहे. लक्ष्मीपूजनाला चोपडी मांडणार आहे, पण बासनात बांधून नव्हे, उघडी. शेजारी लिप्यंतराची वही. नातवंडे येतील तेव्हा त्यातली नावे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेणार आहे. मग त्यांना नदीवर नेईन. होडी दौंडाला पोचत नाही, हे त्यांना आत्ताच सांगणार नाही.