थंडाव्याचा वायू आणि अंगणातली मोटार

सोलापूरचा उन्हाळा कसा असतो हे शुक्रवार पेठेत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, दगडी भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात, आणि पूर्वी तर घरंच्या घरं माळवदावर झोपायला जात. आता थंडावा मोटारीतही आला आहे. त्याच्या पाठोपाठ एक नवी हौसही आली आहे. गॅसचा डबा विकत आणायचा आणि अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या एसीमध्ये आपल्याच हातानं भरायचा! ही हौस करावी की करू नये, याचा निकाल देण्याआधी या गॅसचा इतिहास पाहू या.

थंडावा विकत घेण्याची गोष्ट आपल्याकडे बरीच जुनी आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज तळ्यातल्या बर्फाच्या लाद्या घेऊन कलकत्त्याला आलं. चढवलेला बर्फ होता १८० टन. पोहोचला सुमारे १०० टन. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला आणि तिथे बर्फघर उभं राहिलं. शंभर वर्षांनंतर, १९३४ साली, मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलच्या डब्यात जो थंडावा केला गेला, तोही बर्फाच्या लाद्यांवरून हवा फिरवूनच.

पण बर्फ वितळला की खेळ संपला. यंत्राची युक्ती निराळी आहे, आणि ती आपल्या माठाला ठाऊक आहे. माठाचं पाणी पाझरून उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. यंत्रात पाण्याऐवजी चटकन उकळणारा द्रव असतो. तो आत उकळून उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो. बाहेर ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. हे चक्र बंद नळ्यांत चालतं. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हा गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. तो कमी झाला, तर बहुधा कुठे तरी गळती आहे.

प्रारंभीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड हे वायू वापरत. तिन्ही विषारी. १९२९ च्या सुमारास शिकागोत घरगुती शीतपेट्यांतून गळलेल्या मिथाइल क्लोराइडनं माणसं झोपेतच दगावली. तेव्हा निर्धोक वायूचा शोध सुरू झाला. १९३० साली टॉमस मिजली या अमेरिकन संशोधकानं नवा वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासानं मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झालं. हाच फ्रिऑन. १९३९-४० च्या सुमारास तो मोटारीतही आला.

सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. पण १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, की हा वायू उंच जाऊन ओझोनचं कवच पोखरतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं. १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला, १९९२ साली भारतानं तो स्वीकारला, आणि २००८ च्या ऑगस्टपासून, दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडून, आपल्या देशात या वायूंचं उत्पादन थांबलं. गुण येतो आहे. अंटार्क्टिकावरचं कवच २०६६ च्या सुमारास पूर्ववत होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मग मोटारींत आर-१३४ए हा वायू आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. मोटारीतला अर्धा किलो वायू हवेत सोडणं म्हणजे जवळजवळ ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखं आहे! म्हणून २०१६ साली किगाली इथे आणखी एक करार झाला. भारतानं तो २०२१ साली मान्य केला.

आता अंगणात येऊ. हा द्रव उणे २६ अंशांवर उकळतो. बोटावर किंवा डोळ्यात उडाला, तर क्षणात मांस गोठवतो. तो हवेपेक्षा जड आहे. बंद खोलीत तळाशी साचून श्वास कोंडवतो. जाळाशी आला की त्यापासून विषारी आम्ल बनतं. ४५ अंशांच्या उन्हात डब्यातला दाब हवेच्या साडेअकरा पटीवर जातो. अशा वेळी डबा चुकून जास्त दाबाच्या नळीला जोडला, तर फुटायला वेळ लागत नाही. आणि किती भरला हे अंदाजानं कळत नाही. तो वजनानंच भरायचा असतो, तोही नळ्यांतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढल्यावर.

भेसळीचं भय तर याहून मोठं आहे. २०११ साली काही शीत-कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार मेले. आर-१३४ए म्हणून जे भरलं होतं, त्यात मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं. ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार झाला. शिकागोतला जुना वैरी खोट्या नावानं परत आला, तो असा. स्वस्तात मिळणाऱ्या अनोळखी डब्यात काय आहे हे कोण सांगणार? काही जण तर स्वयंपाकाचाच गॅस भरतात. तो पेटता गॅस बंद मोटारीत, मुलाबाळांच्या पायाशी गळला तर काय होईल, याचा विचार त्यांनी करावा.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. एसी थंड करीना, तर आधी गळती शोधायला लावा. उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्रानं काढून घेणारा, व्हॅक्यूम करून मोजून भरणारा कारागीर गाठा. चार पैसे जास्त पडतील, पण दर उन्हाळ्याला डबा आणावा लागणार नाही. आणि गुरुजनांना एक विनंती: माठ आणि मोटार यांचा हा धडा वर्गात एकदा जरूर घ्या. हवा कुणा एका पेठेची नसते. आपल्या अंगणात सुटलेला वायू साऱ्या पृथ्वीच्या हिशेबात जमा होतो.