टोमॅटोचं बी घरातून दुकानात कसं गेलं?

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "बाजारातल्या टोमॅटोचं बी परसात टाकलं, रोपंही जोमानं आली. पण एका झाडाला लांबट फळ आणि दुसऱ्याला गोटीएवढं. असं का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी जरा मागं जावं लागतं.

टोमॅटो मूळचा आपला नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांत त्याच्या रानटी जाती आहेत. मेक्सिकोतल्या लोकांनी तो शेतात लावला आणि त्यांच्याच 'टोमॅटल' या शब्दावरून आजचं नाव आलं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची, बटाटा आपल्याकडे आले, तसाच हाही आला. जुन्या मराठीत त्याला 'बेलवांगी' म्हणत, विदर्भात अजून 'भेदरं' म्हणतात. बेलवांगी हे नाव मला फार आवडतं, कारण टोमॅटो खरंच वांग्याच्याच कुळातला आहे. नाव ठेवणाऱ्यानं पानं-फुलं नीट पाहिली असणार.

पुढं तो परसात रुळला आणि त्याचं बी बायकांच्या हातात आलं. चांगल्या झाडाचं फळ पूर्ण पिकू द्यायचं, बी राखेत घोळवायचं किंवा शेणाच्या गोवरीत दाबून भिंतीला लावायचं. पुढच्या पावसाळ्यात तेच बी वाफ्यात. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून साध्या वाणाचं बी आईसारखीच लेक देतं.

मग आपल्या पट्ट्यात दोन गोष्टी थोड्या मागंपुढं झाल्या. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्यानंतर एमआयडीसी आली, कारखाने वाढत गेले आणि पुढं चाकणची शिवारंही त्यात गेली. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळाला. तिथं बाईचं नाव क्वचितच असायचं. आणि मडक्यातल्या बियाण्याचा मोबदला तर कुठल्याच कागदावर नव्हता. वाफा गेला तसं बी ठेवायचं कारणही गेलं.

दुसरी गोष्ट बियाण्याच्या धंद्याची. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. 1973 साली बेंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सनं 'कर्नाटक' नावाचा संकरित टोमॅटो बाजारात आणला. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं लग्न लावून काढलेलं बी. हे लग्न हातानं लावावं लागतं. कळी उमलण्याआधी चिमट्यानं तिचे पुंकेसर काढायचे आणि मग दुसऱ्या वाणाचा पराग तिला लावायचा. कर्नाटकात राणेबेन्नूरकडं, आपल्याकडं जालना-बुलढाण्यात हे बारीक काम बहुतेक बायकाच करतात. म्हणजे पुडीतलं बीसुद्धा बाईच्या हातचंच आहे, फक्त त्यावर तिची मालकी नाही.

त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. संकरित फळाचं बी लावलं की पुढच्या पिढीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे गुण विखुरतात. एक झाड एकावर जातं, दुसरं दुसऱ्यावर. म्हणून दरवर्षी नवी पुडी घ्यावी लागते.

संकरित बियाणं वाईट, असं मी म्हणणार नाही. नारायणगावचा टोमॅटो बाजार त्याच्या उत्पादनावरच उभा आहे. पण सगळ्यांनी एकाच प्रकारचं बी लावलं की जोखीमही सगळ्यांची एकच होते. मे 2020 मध्ये जुन्नर, अकोले, संगमनेर भागात फळं पिवळी, ठिपक्यांची निघू लागली. शेतकऱ्यांना बियाण्याचा संशय आला. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि त्यात काकडीवरचा मोझॅक विषाणू आणि आणखी काही विषाणू सापडले. टाळेबंदीचे दिवस होते, त्यात हा तोटा.

आता कायद्याचं सांगते, कारण "घरचं बी विकलं तर पोलीस धरतील" ही भीती मी गटांत ऐकली आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. अट एकच : संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. 2019 साली पेप्सिको कंपनीनं गुजरातमधल्या बटाटा शेतकऱ्यांवर कोटीच्या वर भरपाईचे दावे लावले होते. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीनं दावे मागं घेतले.

अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी बायफ संस्थेच्या मदतीनं घरातच गावरान बियाण्यांची बँक उभी केली, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपल्याला सुरुवात करायची तर गावरान फळ किंवा राहुरी विद्यापीठाचा 'धनश्री'सारखा सरळ वाण घ्या. निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ कापा, गर बियांसकट वाटीत काढा आणि दोन-तीन दिवस आंबू द्या. वास येईल, येऊ द्या. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण त्यामुळं सुटतं. ते आवरण राहिलं तर बी उगवायला अडतं. मग पाणी घालून चोळा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोकळ वर तरंगतं, ते फेकून द्या. कागदावर ठेवू नका, चिकटतं. ताटलीत सावलीत वाळवा, कोरड्या बाटलीत भरा आणि वर वाणाचं नाव नि साल लिहा. नीट ठेवलेलं बी तीन-चार वर्षं उगवतं.