घरचा निखारा, घरचे डांबर

लाकूड पुरते जळू न देता अपुऱ्या हवेत तापविले म्हणजे त्यातून पेट घेणारा वायू निघतो. त्यावर इंजिन चालते. परंतु त्याच्याबरोबर डांबराची वाफ येते; ती थंड झाली की झडपांना चिकटते आणि इंजिन अडते.

जॉर्ज इम्बेर याने १९२० च्या दशकात यावर तोड काढली. त्याने वायू वर जाऊ न देता खाली ओढला. भट्टीच्या अरुंद गळ्यापाशी हवा सोडली आणि त्याखाली लालभडक कोळशाचा थर राखला. त्या आगीतून व थरातून गेल्यावाचून डांबराला वाट नव्हती, आणि जाता जाता त्याचे बरेचसे विघटन होई. हा कोळसा विकत आणलेला नव्हे. त्याच लाकडाचा, त्याच भट्टीत झालेला.

१९४० च्या एप्रिलात जर्मनीने डेन्मार्क-नॉर्वेवर चाल केली आणि स्वीडनचा पश्चिमेकडील सागरी मार्ग तुटला. दोन-तीन वर्षांत तेथे ७० हजारांच्या आसपास वाहने लाकडावर व लोणारी कोळशावर धावू लागली. आपल्याकडेही तेव्हा पेट्रोल मोजून मिळे आणि कोळशाच्या गॅसवर बसगाड्या चालत. पाठीमागे भट्टी, आणि तिच्याशी झटणारा क्लीनर.

इतिहासात इम्बेरचे नाव येते, या क्लीनरचे येत नाही. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. भट्टी पेटविणारे, गाळणी साफ करणारे, बंद गॅरेजात काम करणारे यांना त्याची बाधा होई. डोके दुखे, घेरी येई, काही दगावले. स्वीडनमध्ये याच्या वैद्यकीय नोंदी झाल्या.

वायू पाण्याने धुण्याचीही रीत आहे. पण त्याने डांबर नाहीसे होत नाही, पाण्यात उतरते. आणि ते फिनॉलमिश्रित काळे पाणी कोणीतरी उपसायचे असते. ‘कोणीतरी’ हा शब्द आला की आम्ही कान टवकारतो!

२००२ साली डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात ‘व्हायकिंग’ नावाची ७५ किलोवॉटची भट्टी सुरू झाली. तीत लाकडाची वाफ आधी वेगळी काढून हवेने थोडी जाळतात, मग त्याच लाकडाच्या तप्त कोळशातून नेतात. वायूत डांबर उरते दर घनमीटरला ५ मिलिग्रॅमहून कमी. काळे पाणी उपसण्याचा प्रश्नच मिटला. कार्बन मोनॉक्साइड मात्र राहतोच, कारण इंधनाचा तो मोठा भाग आहे. म्हणून अशी भट्टी कोठे बसली, तर वायू किती स्वच्छ हे विचारण्याआधी आम्ही खोलीत वारा खेळतो की नाही, हे पाहू.