टीना मोदोत्ती : मेक्सिकोतली सात वर्षे

छायाचित्रकलेचे इतिहास बहुधा देशवार लिहिले जातात. फ्रेंच, अमेरिकन, भारतीय अशी प्रकरणे पाडली की लिहिणाऱ्याची सोय होते आणि शिकवणाऱ्याचीही. टीना मोदोत्ती (१८९६-१९४२) या मांडणीत कुठेच नीट बसत नाही. तिचा जन्म इटलीतला, तारुण्याची घडण कॅलिफोर्नियातली आणि जवळजवळ सारे महत्त्वाचे काम मेक्सिकोतले. तेही १९२३ ते १९३० या जेमतेम सात वर्षांतले. मागे उरलेल्या छायाचित्रांची संख्या काही शेंच्या पलीकडे जात नाही. तरीही क्रांतीनंतरच्या मेक्सिकोची जी प्रतिमा आज जगाच्या डोळ्यांसमोर उभी राहते, तिच्यात या परक्या बाईचा वाटा मोठा आहे. परक्याची नजर एखाद्या देशाची ओळख कशी काय घडवू शकते, आणि त्याबद्दल तो देश तिला काय देतो, हे दोन प्रश्न घेऊन आम्ही तिच्या कामाकडे पाहू इच्छितो.

मोदोत्तीचा जन्म उत्तर इटलीतल्या उदिने या गावी, कष्टकरी कुटुंबात झाला. काका पिएत्रो यांचा गावात फोटो स्टुडिओ होता, पण टीनाच्या वाट्याला आली ती रेशमाच्या कारखान्यातली मजुरी. १९१३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती आधीच तिथे गेलेल्या वडिलांकडे आणि बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. तिथे शिवणकाम, स्थलांतरित इटालियनांच्या हौशी रंगभूमीवर भूमिका आणि पुढे हॉलिवूडचे मूकपट अशी तिची वाटचाल झाली. १९२० सालच्या ‘द टायगर्स कोट’ या चित्रपटात ती ठळकपणे दिसते. त्या काळच्या हॉलिवूडने तिला जे दिले त्याचे वर्णन एका वाक्यात करता येईल : काळेभोर केस असलेली परदेशी मोहिनी. म्हणजे मोदोत्ती कॅमेऱ्याच्या मागे जाण्यापूर्वी बरीच वर्षे कॅमेऱ्यासमोर होती, आणि ‘परकी’ म्हणून पाहिले जाणे कसे असते हे तिला आतून ठाऊक होते. तिच्या पुढच्या कामाचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

एडवर्ड वेस्टन या छायाचित्रकाराशी तिची जवळीक लॉस एंजेलिसमध्ये झाली. १९२३ मध्ये दोघे मेक्सिकोला गेले तेव्हा त्यांच्यात एक व्यावहारिक करार होता. स्टुडिओचा कारभार टीनाने पाहायचा, कारण तिला स्पॅनिश येत होते. मोबदल्यात वेस्टनने तिला छायाचित्रण शिकवायचे. इतिहासाने पुढे बराच काळ तिला वेस्टनची प्रेयसी, शिष्या आणि मॉडेल एवढ्याच ओळखी दिल्या. कराराची ही साधी गोष्ट लक्षात घेतली तर चित्र वेगळे दिसते. मेक्सिकोतल्या लोकांपर्यंत वेस्टन पोचत होता तो तिच्या भाषेतून.

तो मेक्सिकोही नवा होता. १९१० साली सुरू झालेल्या क्रांतीचे दशक नुकतेच संपले होते. शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना मोकळ्या करून दिल्या होत्या. दिएगो रिवेरा, ओरोस्को, सिकेरोस हे त्या भिंतींवर शेतकरी, मजूर आणि आदिवासी यांचा इतिहास रंगवत होते. देशाने स्वतःला नव्याने पाहायचे ठरवले होते, आणि त्या पाहण्यासाठी लागणारी दृश्यभाषा घडवण्याचे काम चालू होते. अशा वेळी बाहेरून आलेल्या माणसालाही जागा असते, कारण आतले लोकही आपल्या देशाकडे नव्यानेच पाहत असतात.

आरंभीच्या मोदोत्तीवर वेस्टनची छाप स्पष्ट आहे. १९२४ च्या ‘गुलाब’ या छायाचित्रात चार पूर्ण उमललेली फुले चौकट भरून टाकतात. ना पार्श्वभूमी, ना फुलदाणी. पाकळ्यांच्या कडा किंचित कोमेजू लागल्या आहेत, एवढाच काळाचा स्पर्श. १९२५ च्या ‘तारायंत्राच्या तारा’ या चित्रात खांब आणि तारा आभाळावर तिरप्या रेषा आखतात. येथे रूपाचे आकर्षण आहेच, पण विषय आता बागेतला नाही. तो नव्या काळाच्या दळणवळणाचा आहे.

वेस्टन १९२६ च्या अखेरीस कायमचा परतला. त्या वर्षीच्या दोघांच्या कामाची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. वेस्टन मेक्सिकोतील मातीची खेळणी, घायपाताचे रोप यांच्याकडे शुद्ध आकार म्हणून पाहतो आणि त्यांतून विलक्षण चित्रे काढतो. मोदोत्ती त्याच वर्षी मे दिनाच्या मिरवणुकीवर उंचावरून कॅमेरा रोखते. ‘कामगारांची मिरवणूक’ या चित्रात एकही चेहरा धड दिसत नाही. दिसतात त्या शेकडो रुंद गवती टोप्या, एकाच दिशेने सरकणाऱ्या, चौकटीच्या चारही कडांबाहेर पसरलेल्या. गुलाबाच्या पाकळ्यांनी चौकट भरण्याची जी रीत ती शिकली, तीच रीत येथे माणसांच्या समुदायाला लावलेली आहे. आमच्या मते तिच्या कारकिर्दीचे मर्म या संक्रमणात आहे. तिने वेस्टनची शिस्त टाकली नाही. त्या शिस्तीचा विषय बदलला.

मराठी समीक्षेत कलावाद आणि जीवनवाद यांचा वाद फडके-खांडेकरांच्या नावांनी गाजला, आणि आपल्या वर्गांमध्ये तो अजूनही दोन बाजूंच्या कुस्तीसारखा शिकवला जातो. मोदोत्तीची १९२७-२८ ची चित्रे या कुस्तीला सहज बगल देतात. काडतुसांचा पट्टा, मक्याचे कणीस आणि विळा या तीन वस्तू ती एकमेकींवर ठेवते. मांडणी इतकी नेटकी आहे की ती केवळ स्थिरचित्र म्हणूनही टिकेल. आणि अर्थ इतका उघड आहे की निरक्षर शेतकऱ्यालाही तो कळेल. फावड्याच्या दांड्यावर विसावलेले मजुराचे हात, ‘एल माचेते’ हे कम्युनिस्ट वृत्तपत्र डोके जवळ आणून वाचणारे शेतकरी, ही चित्रेही तशीच. ती स्वतः १९२७ मध्ये मेक्सिकन कम्युनिस्ट पक्षाची सभासद झाली. १९२९ साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात तिने आपल्या कामाला ‘कला’ म्हणण्यास हरकत घेतली आणि आपण छायाचित्रकार आहोत, त्याहून अधिक काही नाही, असे बजावले. ही नम्रता नव्हे. चित्रकलेची नक्कल न करणाऱ्या छायाचित्राला आपल्या काळाची नोंद करण्याचे सामर्थ्य असते, असा तो दावा आहे.

या काळातल्या एका ठिकाणाचा उल्लेख मराठी वाचकांसाठी मुद्दाम करावासा वाटतो. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो येथील शेतकी महाविद्यालयात वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे शिकवत होते. गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक, ऑरेगॉनमध्ये शेतकीशास्त्र शिकलेले, पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढलेले खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत स्थिरावले. वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ते आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहेत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेती-शाळांची चळवळ उभी केली आणि मक्याच्या वाणांवर संशोधन केले. या शाळांची आणि खानखोजेंच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे मोदोत्तीने काढली आहेत. एक हद्दपार मराठी क्रांतिकारक आणि एक स्थलांतरित इटालियन कामगार-कन्या, दोघेही तिसऱ्याच देशाच्या मातीत उगवलेल्या कणसाकडे पाहताहेत, असा हा क्षण आहे.

चापिंगोची आणखी एक बाजू आहे. तेथील प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर रिवेराने धरतीची जी रूपे रंगवली, त्यांतल्या काहींसाठी मोदोत्ती मॉडेल होती. एकाच परिसरात तिची दोन रूपे आहेत : भिंतीवर ती भूमी झालेली, चित्रकाराच्या नजरेचा विषय, शेतात ती कॅमेरा घेऊन उभी, स्वतः पाहणारी. भिंत पाहायला प्रवासी येतात. शेतातल्या त्या कामाची आठवण फारच थोड्यांना आहे.

तरी तिच्या परकेपणाचा प्रश्न सुटला होता असे म्हणता येणार नाही. १९२९ मध्ये ती दक्षिणेकडील तेवान्तेपेक येथे गेली. डोक्यावर रंगवलेले भोपळे घेऊन ताठ मानेने चालणाऱ्या तिथल्या बायांची तिची चित्रे प्रसिद्ध आहेत. पण वेस्टनला लिहिलेल्या पत्रात तिने कबूल केले की ही चित्रे घाईत घ्यावी लागली, कारण कॅमेरा दिसताच त्या बायांच्या चालण्याचा वेग वाढे. हा तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या बाजूने आपण उभे आहोत असे छायाचित्रकार मानते, त्यांनाही तिच्यापासून दूर जाण्याचा हक्क असतो, आणि तो त्यांनी बजावला. चित्रांमधली ती हलकी अस्पष्टता हे त्या हक्काचेच चिन्ह आहे. मोदोत्तीने ती चित्रे फेकून दिली नाहीत.

१० जानेवारी १९२९ च्या रात्री तिचा सहचर, क्यूबाचा तरुण क्रांतिकारक हुलिओ आन्तोनिओ मेया, तिच्यासोबत चालत असताना गोळ्या घालून मारला गेला. पोलिसांनी चौकशी केली ती तिच्या चारित्र्याची. वेस्टनने काढलेली तिची नग्न छायाचित्रे वृत्तपत्रांच्या हाती लागली आणि बदनामीचा पुरावा ठरली. मेयाच्या टंकलेखन-यंत्राचे तिने आदल्या वर्षी काढलेले छायाचित्र यानंतर स्मृतिचित्र झाले. यंत्रावरच्या कागदावर तंत्र आणि कला यांच्या नात्याविषयीच्या काही ओळी दिसतात. डिसेंबर १९२९ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिचे प्रदर्शन भरले. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३० मध्ये, राष्ट्राध्यक्ष ओर्तिस रुबिओ यांच्यावरील हल्ल्यानंतर तिला अटक झाली आणि ‘अनिष्ट परकीय’ ठरवून देशाबाहेर काढण्यात आले. राज्यघटनेचे तेहतिसावे कलम सरकारला तसा अधिकार देत होते. मेक्सिकोच्या क्रांतीला तिने चिन्हे दिली. कायद्याच्या लेखी ती शेवटपर्यंत परकीच होती.

बर्लिनमध्ये तिने पुन्हा काम सुरू करून पाहिले. पण तिथला प्रकाश वेगळा होता आणि कामाची पद्धतही. युरोपात लहान, चपळ लायका कॅमेऱ्याचे युग सुरू झाले होते. मोदोत्तीला मात्र घाशीव काचेवर प्रतिमा न्याहाळून, मनाशी जुळवून मग चित्र घेण्याची सवय होती. प्राणिसंग्रहालयातील एका जोडप्याचे पाठमोरे चित्र यांसारखी थोडी चित्रे त्या महिन्यांतून उरली. त्याच वर्षी ती मॉस्कोला गेली आणि छायाचित्रकार म्हणून तिची कारकीर्द संपली. पुढे राजकीय कैद्यांच्या मदतकार्यात आणि स्पेनच्या यादवी युद्धात ती ‘मारिया’ या नावाने राबली. १९३९ मध्ये खोट्या नावाने ती मेक्सिकोत परतली आणि ५ जानेवारी १९४२ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, एका टॅक्सीत तिचे निधन झाले.

तिने कॅमेरा का सोडला, याची चर्चा अभ्यासक करत आले आहेत. पक्षनिष्ठेने कलेचा बळी घेतला असे काही म्हणतात. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. १९२५ मध्येच, पक्षात जाण्यापूर्वी, तिने वेस्टनला लिहिले होते की आपली सारी शक्ती जगण्याचा प्रश्न सोडवण्यात खर्च होते आणि कलेसाठी फारशी उरत नाही. शिवाय तिची नजर एका जागेशी बांधलेली होती. मेक्सिकोची माणसे, तिथले ऊन, तिथल्या चळवळीची चिन्हे यांच्या संगतीत ती घडली होती. कॅमेरा देशोदेशी नेता येतो. नजर नेता येतेच असे नाही.

१९७० च्या दशकापासून तिचा पुनर्शोध सुरू झाला. १९८२ साली लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनात तिचे आणि फ्रिडा काहलोचे काम एकत्र मांडले गेले. १९९१ मध्ये ‘गुलाब’ची एक प्रत लिलावात १,६५,००० डॉलरला विकली गेली. मिरवणुकीतल्या टोप्यांनी नव्हे, फुलांनी ही किंमत मिळवावी, हेही बाजाराच्या स्वभावाला धरून आहे. तिचा खरा वारसा दुसरीकडे सापडतो. देश सोडताना भित्तिचित्रांची छायाचित्रे काढण्याचे तिचे काम मानुएल आल्वारेस ब्राव्हो या तरुणाने हाती घेतले. आपले काम वेस्टनकडे पाठवण्याचा आग्रह तिनेच त्याला आदल्या वर्षी केला होता. पुढे तो मेक्सिकोचा सर्वांत थोर छायाचित्रकार मानला गेला. परक्या बाईने एका देशाकडे पाहण्याची जी रीत शोधली, ती त्या देशाच्या माणसाने उचलली, बदलली आणि पुढे नेली. देशवार इतिहासांत या देवाणघेवाणीला प्रकरण नसते. ते लिहिण्याचे काम आपल्याकडे खानखोजेंच्या त्या मक्याच्या चित्रांपासूनही सुरू करता येईल.