लिपी, वंश आणि गोरेपण : दक्षिण आफ्रिकेतील ज्यूद्वेषासंबंधी एक टिपण

वर्णविभागणीच्या राजकारणात ज्यूद्वेषाचे स्थान कोणते, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेपुरता विचारावयाचा झाल्यास आरंभ लिपीपासून करावा लागतो. नाताळच्या १८९७ च्या व केपच्या १९०२ च्या कायद्यांन्वये वसाहतीत येऊ पाहणाऱ्याने युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहून दाखवावा, अशी अट होती. वर्णाचा उल्लेख त्या अटीत नव्हता. परंतु मराठी वा गुजराती उत्तम लिहिणारा हिंदी मनुष्य तिच्यापुढे निरक्षर ठरे. लिथुएनियाकडून येणाऱ्या ज्यूंची यिद्दिश भाषा कुळाने जर्मानिक, पण लिपी हिब्रू. त्यामुळे तेही अडचणीत आले. मॉरिस अलेक्झांडर प्रभृतींच्या खटपटीने केपच्या १९०६ च्या कायद्याने यिद्दिशला युरोपीय भाषा मानले. भाषाशास्त्रदृष्ट्या निर्णय निर्दोष होता. त्याचे फळ मात्र वांशिक होते. ज्यू ‘युरोपीय’, म्हणजेच गोरे ठरले. मराठी इंडो-युरोपीय कुळातली खरी, पण कुलसंबंधाला तेथे कोण विचारतो!

हे गोरेपण सशर्त होते. मलान गृहमंत्री असताना झालेल्या १९३० च्या कोटा कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या आवळली. जर्मनी त्या निर्बंधाबाहेर असल्याने हिटलरच्या राज्यातून निसटलेले ज्यू येत राहिले. ऑक्टोबर १९३६ मध्ये ‘श्टुटगार्ट’ जहाजाने ५३७ निर्वासित केपटाउनला आणले, तेव्हा वाइखार्टच्या ‘ग्रेशर्ट’ पक्षाने निदर्शने केली. गणवेशधाऱ्यांचे नवल नाही. पण विरोधकांत स्टेलेनबॉश विद्यापीठाचे प्राध्यापक होते व त्यांत व्हर्वुर्डही होते, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३७ च्या परकीयविषयक कायद्यातही ‘ज्यू’ हा शब्द नाही. अर्जदार गोऱ्या समाजात मिसळून जाण्याजोगा आहे किंवा नाही, एवढेच मंडळाने पाहावयाचे. रीत १८९७ चीच होती. त्याच वर्षी ‘दि ट्रान्सव्हालर’चे संपादक झालेल्या व्हर्वुर्ड यांनी व्यवसायांत ज्यूंचे प्रमाण लोकसंख्येइतकेच असावे, असे प्रतिपादिले.

१९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि सूर पालटला. ट्रान्सव्हाल शाखेने ज्यूंवर घातलेली सदस्यत्वबंदी १९५१ मध्ये उठली. १९५३ मध्ये पंतप्रधान मलान इस्रायलला जाऊन आले. याला हृदयपरिवर्तन म्हणणे मला कठीण वाटते, कारण वाइखार्ट पुढे त्याच पक्षाचे सिनेटर झाले. अल्पसंख्य गोऱ्यांना आपली संख्या घटविणे परवडणारे नव्हते, हे कारण अधिक पटते. १९५० च्या लोकसंख्या-नोंदणी कायद्याने ज्यूंची गणना गोऱ्यांत झाली. त्याच वर्षीच्या समूहक्षेत्र कायद्याखाली हिंदी लोकांना घरेदारे व दुकाने सोडावी लागली.